मुळं नसलेला हिरवा गोळा, आणि मॉसबद्दलचे बाकीचे प्रश्न

या महिन्यात मॉसबद्दल, म्हणजे ओल्या भिंतीवर, दगडावर वाढणाऱ्या त्या मऊ हिरव्या वनस्पतीबद्दल, एकदम चार पत्रं आली. दोन उंच डोंगरावरून परत आलेल्या लोकांची आहेत आणि दोन महाबळेश्वर-पुण्याच्या मॉसबद्दलची. एरवी या सदरात फुलं, पक्षी नाहीतर साप असतात, मॉसला कोणी विचारत नाही, त्यामुळे मला खरंच खूप आनंद झालाय आणि यावेळी सगळी जागा मॉसलाच द्यायची ठरवलीय.

प्रश्न : ताई, आम्ही कोथरूडचे सहा जण जानेवारीत माउंट केनियाला जाऊन आलो. लेनाना पॉइंटला निघायच्या आदल्या दिवशी शिप्टन कॅम्पच्या वर फिरत होतो, उंची साधारण ४,३०० मीटर असेल. तिथे ओल्या उघड्या मातीवर लिंबाएवढे काळपट हिरवे गोळे पडलेले दिसले. एक उचलला तर खाली मूळ नाही, दगडाला चिकटलेला नाही, आणि मुख्य म्हणजे सगळ्या बाजूंनी हिरवा. गाइड म्हणाला मॉस आहे, परत ठेवा, म्हणून ठेवला. चार फोटो पाठवतोय. मोबाइलच्या ॲपने चार फोटोंना चार वेगळी नावं दिली. हे नक्की काय आहे आणि नाव काय?

उत्तर : दादा, गोळा परत ठेवलात हे फार बरं केलंत. तो नॅशनल पार्क आहे, परवानगीशिवाय तिथलं काही आणता येत नाही, आणि परवानगी असती तरी आधी जागेवरच नीट बघणं महत्त्वाचं.

हा गोळा म्हणजे मॉसच, आणि तो सगळीकडून हिरवा का हे कळलं की अर्धी ओळख तिथेच होते. माउंट केनिया जवळजवळ विषुववृत्तावर आहे, म्हणजे तिथे आपल्यासारखे उन्हाळा हिवाळा असे महिने नाहीत, दिवस बाराही महिने साधारण सारखेच मोठे. पण ४,००० मीटरच्या वर दुपारी ऊन चटके देतं आणि रात्री पाणी गोठतं, आणि हे वर्षातल्या कुठल्याही रात्री होऊ शकतं. ओलोव्ह हेडबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या उंच डोंगरांबद्दल लिहिताना म्हटलंय की इथे रोज दिवसा उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा असतो. उष्ण कटिबंधातला उंच डोंगर म्हणजे काय हे मला यापेक्षा सोप्या शब्दात सांगता येणार नाही.

आता ओली माती रात्री गोठताना काय होतं बघा. मातीतलं पाणी वर खेचलं जाऊन त्याच्या बारीक बारीक बर्फाच्या सुया उभ्या राहतात, काही सेंटीमीटर उंच, आणि त्या वरची माती, खडे, मॉसचा तुकडा जे काही असेल ते अलगद उचलून धरतात, मग सकाळी ऊन एका बाजूने आलं की त्या बाजूच्या सुया आधी वितळतात आणि वरचा तुकडा त्या बाजूला कलंडतो. आज या कुशीवर, काही दिवसांनी त्या कुशीवर. अशा जमिनीवर झाडाला मूळ धरून बसणं कठीण, कारण जमीनच रोज हलते. मॉसला मात्र खरं मूळ नसतंच, नुसते धरून ठेवायला केसासारखे धागे असतात, पाणी सगळ्या अंगाने प्यायचं. त्यामुळे खालची बाजू कधीतरी वर येते, तिला उजेड मिळतो, ती वाढते, आणि असं होत होत चेंडू तयार होतो. तुमच्या गोळ्याची एक बाजू तपकिरी मेलेली असती तर मी म्हटलं असतं की हा दगडावरून सुटलेला साधा तुकडा आहे. सगळीकडून हिरवा म्हणजे तो फिरतोय.

अशी फिरणारी मॉस थंड देशातल्या बर्फाच्या नद्यांवरही असते. आइसलंडमध्ये तिला हिमनदीचे उंदीर म्हणतात, हे नाव योन एथोर्सन यांनी १९५१ मध्ये दिलं. अलास्कातल्या रूट ग्लेशियरवर गोळ्यांना खुणेचे मणी बांधून मोजलं तर ते दिवसाला सरासरी अडीच सेंटीमीटर सरकत होते आणि बरेचसे एकाच दिशेने, हा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. पण तिकडे गोळा बर्फावर असतो, खालचा बर्फ वितळून तो बर्फाच्या चबुतऱ्यावर उरतो आणि मग घसरतो. तुमचा गोळा मातीवर आहे. दिसायला भाऊभाऊ, पण हलण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून दोन्हींना सरसकट एकच नाव देऊ नका.

नावाचं सांगते. तुमच्या तिसऱ्या फोटोत झूम केल्यावर पानांच्या टोकांना पांढरे केस दिसतात, काचेसारखे. ते टोक म्हणजे हरितद्रव्य नसलेल्या रिकाम्या पेशी, असं टोक उन्हाचा तडाखा आणि वारा दोन्ही थोडं कमी करतं. काळपट हिरवी गच्च उशी, भाल्याच्या पात्यासारखं पान, पांढरं टोक, ४,००० मीटरच्या वर, हे सगळं एकत्र धरलं तर ग्रिमिया हा वंश आहे असं मी सांगेन. माउंट केनियावरच्या गोल मॉसवर जे लिहिलं गेलंय त्यात ग्रिमिया ओव्हॅलिस हे नाव येतं. पण तुमची तीच आहे असं मी फोटोवरून म्हणणार नाही, कोणी म्हटलं तरी विश्वास ठेवू नका. ॲपचा दोष म्हणून नाही सांगत, जे बघून जात ठरते ते फोटोत येतच नाही हो.

काय बघावं लागतं? एक पान पाण्यात भिजवून सोडवायचं, ब्लेडने मधोमध आडवं कापायचं, कापायचं म्हणजे इतकं पातळ की पलीकडचं दिसलं पाहिजे, आणि मायक्रोस्कोपखाली धरायचं. मग पानाची कड कशी आहे ते दिसतं. ओव्हॅलिसमध्ये कडा सपाट किंवा आत वळलेल्या असतात, खाली मुडपलेल्या नसतात. तिची जवळची म्हणून ग्रिमिया लाँगिरोस्ट्रिस आहे, तीही उष्ण प्रदेशातल्या उंच डोंगरांवर भरपूर, तिची निदान एका बाजूची कड खाली मुडपलेली असते, साडीच्या काठाची दुमड असते ना तशी. शिवाय ओव्हॅलिसमध्ये नर आणि मादी रोपं वेगवेगळी, लाँगिरोस्ट्रिसमध्ये दोन्ही एकाच रोपावर. एवढाच फरक, आणि तो उघड्या डोळ्यांना शून्य दिसतो.

आणखी दोन जणींशी गल्लत होते. अँड्रिया, तीही उंच डोंगरावर, काळी किंवा तांबूस काळी, पण ती दगडाला घट्ट चिकटते, तिला पांढरे केस नसतात आणि तिची बीजाणूंची कॅप्सूल झाकण उडवून उघडत नाही, बाजूने चार चिरा पडून उघडते, कागदाच्या कंदिलासारखी. कॅप्सूल सापडली तर शंकाच उरत नाही. दुसरी रॅकोमिट्रियम, तिच्या पेशींच्या भिंती नागमोडी असतात, पण काही ग्रिमियांच्याही असतात, म्हणून नुसत्या त्या एका खुणेवर थांबू नये.

कधीकधी तर मायक्रोस्कोपही पुरत नाही. युगांडाच्या रुवेंझोरी डोंगरात माउंट स्टॅनलीच्या आटत चाललेल्या बर्फावर काळपट छोटे पुंजके सापडले, ५ ते २० मिलिमीटर लांब, त्यात नीट पान नाही की देठ नाही, नुसत्या मॉसच्या वाढीच्या कळ्या एकमेकींना चिकटलेल्या. जपानी संशोधकांनी डीएनए काढला तेव्हा ती सेरॅटोडॉन परप्युरियस निघाली, जगभर रस्त्याच्या कडेला आणि जळक्या जमिनीवर वाढणारी अगदी साधी मॉस. २०१४ ची गोष्ट. आणि तो बर्फ झपाट्याने कमी होतोय, त्याच्याबरोबर हे पुंजकेही. मला हे वाचून कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

तर तुमच्या वहीत सध्या ‘ग्रिमिया, जात ठरलेली नाही’ असं लिहा, पुढे उंची, तारीख, ओली माती, उघडी जागा, गोळा सुटा आणि सगळीकडून हिरवा. ही नोंद अर्धवट नाहीये, खरी आहे. तुमच्या ग्रुपमधलं कोणी परत जाणार असेल तर हँड लेन्स न्यायला सांगा, दहा पट मोठं दाखवणारा पुरतो, आणि गोळ्याशेजारी नाणं ठेवून फोटो काढा, आणि त्याच जागेच्या आसपासच्या दगडांचाही काढा, कारण दगडावर तीच मॉस चिकटलेली दिसली तर गोळा आला कुठून ते कळेल.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सी बॉटनीला आहे, शिवाजीनगरला हॉस्टेलवर राहते. डिसेंबरमध्ये कोडाईकॅनॉलला गेलो होतो, तिथे २,१०० मीटरवर रस्त्याच्या कापलेल्या उतारावर एक मॉस मिळाली, परवानगी घेऊनच थोडी आणली. कॅम्पिलोपस वंशाची आहे हे नक्की, पण जात ओळखायच्या कुठल्याच किल्लीत (खुणा एकेक तपासत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यात) बसत नाहीये. सगळे म्हणतात नवीन जात असेल, पेपर लिही. वर्णन कसं लिहायचं?

उत्तर : अगं, आधी तुझं कौतुक, कारण कॅम्पिलोपसपर्यंत स्वतः पोचणं सोपं नाही. मधली शीर इतकी रुंद की बऱ्याचदा निम्मं पान शिरेचंच, आणि कॅप्सूलचा कोवळा देठ बगळ्याच्या मानेसारखा वाकून पानांत घुसलेला, हे तू बघितलंयस असं धरते.

पण पेपरची घाई करू नको. किल्लीत बसत नाही याची तीन कारणं असतात आणि नवीन जात हे त्यातलं शेवटचं. पहिलं म्हणजे पान चुकीच्या जागी कापलं जाणं. या वंशात सगळी मदार शिरेच्या आडव्या कापावर आहे, वरच्या बाजूला मोठ्या रिकाम्या पेशी आहेत का, जाड भिंतीच्या पेशींचे गठ्ठे वर आहेत की खाली, पाठीवर कंगोरे आहेत का. टोकाजवळ कापलंस तर वेगळं दिसेल, बुडाजवळ वेगळं. पानाच्या मध्यावर काप, आणि एका पानावर भरवसा ठेवू नको, दहा पानं काप, वेगवेगळ्या रोपांची, कारण ऊन लागलेल्या रोपाचं आणि सावलीतल्या रोपाचं पान एकाच उशीत वेगळं असू शकतं. उंच डोंगरावर तर हे फार होतं, एकाच दरडीवर वरती आखूड काळपट आणि खाली ओलीला लांब हिरवी, दोन्ही एकच.

दुसरं कारण, किल्लीच तुझ्या डोंगराची नसणं. पळणी डोंगरातल्या, म्हणजे तुझ्या कोडाईच्या, मॉसवर जॉर्जेस फोरो या फ्रेंच पाद्रींनी आयुष्य घालवलं, त्यांची यादी १९६१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आली, ती तू बघितलीस का? निलगिरीची मॉस तर त्याच्याही आधी, १८४२ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ माँताञ यांनी पॅरिसला बसून वर्णन केलेली आहे, पेरोते यांनी गोळा करून पाठवलेल्या नमुन्यांवरून. मग १८५९ मध्ये मिटन यांनी सबंध हिंदुस्थानातल्या मॉसवर लिहिलं. गांगुलींचे खंड पूर्व भारतातल्या मॉसवर आहेत, उत्तम आहेत, पण कोडाईची मॉस त्यांच्या किल्लीत बसली नाही तर त्यात नवल काही नाही.

तिसरं, आणि हे मला तुझ्या मनावर ठसवायचंय. उष्ण प्रदेशातल्या मॉसना गेल्या दीडशे दोनशे वर्षांत भरमसाट नावं दिली गेली. प्रत्येक डोंगरावर गेलेल्या माणसाने सुकलेल्या मॉसचं पाकीट युरोपात पाठवलं आणि तिथे त्याला डोंगराच्या हिशोबाने नवं नाव मिळालं, मग शंभर वर्षांनी कोणीतरी सगळी पाकिटं एका टेबलावर मांडून बघतो तर आफ्रिकेतली, दक्षिण अमेरिकेतली आणि आपली एकच. कॅम्पिलोपसमध्ये यान पीटर फ्राम या जर्मन मॉसतज्ज्ञांनी असलीच कितीतरी नावं एकमेकांत मिसळली. तुझी मॉस कदाचित श्रीलंकेहून किंवा जावाहून आधीच वर्णन झालेली असेल. म्हणून आधी त्या सगळ्या जवळच्या नावांचे मूळ नमुने बघायचे, निदान त्यांचे चांगले फोटो मागवायचे.

मूळ नमुना, म्हणजे टाइप, का इतका महत्त्वाचा ते एका गोष्टीवरून कळेल. जर्मनीत हाले गावच्या कार्ल म्युलर यांनी हजारो मॉसना नावं दिली, १८९० मध्ये तर किलिमांजारोवरच्या चार मोहिमांमधल्या मॉसवर त्यांचा मोठा लेख आला. त्यांचा सगळा संग्रह पुढे बर्लिनला गेला आणि मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात हर्बेरियमबरोबर, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाबरोबर, जळाला. वर्णनं दोन चार ओळींची, चित्रं बऱ्याचदा नाहीत, आणि ज्या रोपावरून ते लिहिलं ते रोपच नाही. नशिबाने काही पाकिटांचे जुळे भाग त्यांनी इतरांना पाठवले होते, ते दुसऱ्या हर्बेरियममध्ये शोधून शोधून लोकांनी आजवर एकेक नाव सोडवत आणलंय. म्हणून तुझं पाकीट आत्ताच वाटून ठेव, एक भाग इथे, एक लांब कुठेतरी. पुण्यात आपल्याकडे कोरेगाव रोडला बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागाचं हर्बेरियम १९५५ पासून आहे, आघारकर संस्थेचंही आहे, दोन्हीकडे जाऊन बोल, तिथली माणसं मॉसची पाकिटं दाखवतात तेव्हा तासभर कुठे जातो कळत नाही.

हे सगळं करून खरंच नवीन निघाली तर वर्णन लिही. एके काळी लॅटिनमध्ये लिहावं लागायचं, १९३५ पासून २०११ पर्यंत सक्तीच होती, २०१२ पासून इंग्रजीही चालतं. टाइप कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय ते छापलंच पाहिजे, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत, हा नियम १९९० चा. आणि मॉसच्या नावांची सुरुवात धरतात १८०१ पासून, हेडविगच्या ग्रंथापासून, बाकीच्या झाडांसारखी लिनियसच्या १७५३ पासून नाही, फक्त स्फॅग्नम या दलदलीतल्या मॉसचं घराणं त्याला अपवाद. हे परीक्षेतही विचारतात.

लिहिताना क्रम साधा ठेव. आधी उशी कशी दिसते, सुकी आणि ओली दोन्ही, कारण सुकल्यावर पान कसं मिटतं ही मोठी खूण आहे. मग देठ, मग पान, त्याची लांबी रुंदी मिलिमीटरमध्ये आणि नेहमी कमीत कमी ते जास्तीत जास्त अशी. मग शीर, कड, टोक, मग पेशी, पानाच्या वरच्या भागातल्या वेगळ्या आणि बुडाच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या, त्या कोपऱ्यातल्या पेशी कॅम्पिलोपसमध्ये बऱ्याचदा फुगलेल्या तांबूस असतात, त्यांचं नीट चित्र काढ. कॅप्सूल मिळाली नसेल तर ‘मिळाली नाही’ असं स्पष्ट लिही, दुसऱ्या जातीवरून अंदाजाने भरू नकोस. आणि सगळ्यात शेवटी, जवळच्या दोन तीन जातींपेक्षा ही कशात वेगळी हे एका परिच्छेदात. तो परिच्छेद लिहिताना हात अडखळला तर समजून जा की अजून नमुने बघायला हवेत. मला तुझे कापांचे फोटो पाठव, मी बघीन.

प्रश्न : नमस्कार, मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी महाबळेश्वरहून मॉस आणली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली, आठ दिवसांत बुरशी आली आणि वास यायला लागला. परत आणायला जमणार नाही. काही करता येईल का? – सहकारनगर

उत्तर : बुरशी आलेली टाकून द्या, पण त्यातला एखादा कोरडा स्वच्छ तुकडा राहिला असेल तर तो बाजूला काढून वर्तमानपत्रावर सावलीत सुकवा. माझंही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी असंच झालं होतं, महाबळेश्वरचीच मॉस, दोन दिवस फिरून गोळा केलेली, आणि पिशवी उघडली तेव्हा सगळा चिखल, मी रडले होते. मॉस कधीही कागदात ठेवायची, घडी घातलेल्या साध्या कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर जागा, तारीख, झाडावर होती का दगडावर का मातीवर हे तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहायचं. दाबायची नाही, फुलासारखी वहीत तर नाहीच. सुकलेली मॉस वर्षानुवर्षं टिकते, आणि कोमट पाण्याचे दोन थेंब टाकले की पानं मिनिटाभरात उघडतात, मुलीला हेच दाखवा, प्रोजेक्टमध्ये यापेक्षा छान काही नसेल. आणि महाबळेश्वरचीच पाहिजे असं नाही, पुढच्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

प्रश्न : उंच डोंगरावरची मॉस पुण्यात बघायला मिळते का? वेण्णा लेकला हिवाळ्यात हिमकण पडतात तर तिथे ते गोळे होतील का?

उत्तर : गोळे नाही होणार. वेण्णा लेकला थंडीतल्या काही पहाटे दव गोठतं हे खरं, पण माती रोज रात्री खोलवर गोठून रोज सकाळी सुटत नाही, महाबळेश्वर जेमतेम १,४०० मीटर, आपलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६.

पण एक मॉस आहे जी त्या डोंगरांवरही असते आणि अंटार्क्टिकातही, आणि ती शहरात राहते. ब्रायम अर्जेंटियम. फूटपाथच्या फरश्यांच्या फटीत, जुन्या वाड्याच्या पायरीच्या कोपऱ्यात, जिथे पाय पडत नाही तिथे रुपेरी हिरवा पॅच दिसला तर वाकून बघा. प्रत्येक देठ छोट्या गोल दोरीसारखा, पानं एकावर एक घट्ट चिकटलेली, आणि पानाच्या वरच्या भागात हरितद्रव्य नसल्यामुळे ती चांदीसारखी चमकते. तिच्या शेजारी ओल्या भिंतीवर बहुतेक हायोफिला असेल, ती ओली असताना चांदण्यांसारखी पसरते आणि ऊन पडलं की पानं आत गुंडाळून घेते, बोटाने पाणी शिंपडून बघा, समोर उघडते. ब्रायम बघायला सकाळी आठच्या आधी जा, तेव्हा तिच्यावर तिरपं ऊन येतं आणि ती लांबूनही ओळखता येते, लेन्स नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा.